दुसऱ्या मॉडेलचा मागचा शॉक आपल्या मोटारसायकलला बसवताना

मोटारसायकलचा मागचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी झाला आणि त्याच मॉडेलचा नवा मिळेनासा झाला, किंवा मूळ शॉकमध्ये काही जुळवणीच करता येत नाही म्हणून तो नकोसा झाला, की दुसऱ्या मॉडेलचा शॉक बसवण्याचा विचार मनात येतो. असा बदल करता येतो आणि नीट केल्यास गाडी आधीपेक्षा चांगली चालते. मात्र दोन्ही टोकांना बोल्ट बसला म्हणजे शॉक बसला, असे समजणे धोक्याचे आहे. बोल्ट, बुश (बोल्टाभोवतीची नळी) आणि वॉशर हा कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. शॉक जुळतो की नाही हे त्याची लांबी, त्याचा स्ट्रोक आणि त्याच्या स्प्रिंगचा ताठरपणा या तीन मापांवरून ठरते, आणि ही मापे शॉक विकत घेण्यापूर्वीच आपल्या गाडीवर पडताळून पाहता येतात. बहुतेक जण आधी शॉक आणतात आणि मग मोजमाप करतात. हा क्रम उलटा करावा, एवढाच या लेखाचा मुख्य आग्रह आहे.

पुढील विवेचन मुख्यतः एका शॉकच्या, म्हणजे मोनोशॉक गाडीला धरून आहे. दोन शॉक असलेल्या गाडीसाठी जे वेगळे आहे ते ओघात सांगितले आहे.

मोजमाप

शॉकची लांबी म्हणजे वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतचे अंतर, आणि ते शॉक पूर्ण उघडलेल्या स्थितीत मोजावयाचे असते. गाडीवर बसवलेला शॉक गाडीच्या वजनाने थोडा दबलेला असतो, म्हणून तो काढून किंवा मागचे चाक अधांतरी ठेवून माप घ्यावे. बोल्टचा मध्य डोळ्याने ठरवता येत नाही; एका भोकाच्या वरच्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजावे, आणि दोन्ही भोके सारख्या व्यासाची नसतील तर व्यासांच्या फरकाच्या निम्म्याने ते माप सुधारून घ्यावे. स्ट्रोक म्हणजे शॉकचा दांडा आत किती जाऊ शकतो ते अंतर. दांड्याचा उघडा भाग स्प्रिंगच्या वेढ्यांमधून दिसतो, तो मोजावा. दांड्यावरचे रबर पूर्ण दाबले गेले तरी थोडी जागा अडवतेच, त्यामुळे प्रत्यक्ष स्ट्रोक उघड्या दांड्यापेक्षा काहीसा कमी असतो; परंतु चाक कशाला घासते का हे तपासताना रबर नाहीच असे धरून चालणे सुरक्षित असते.

या दोन मापांतून तिसरे एक माप निघते, जे अनेकदा नजरेतून सुटते: लांबीतून स्ट्रोक वजा केला की शॉक पूर्ण दबल्यावरची लांबी मिळते. समजा, मूळ शॉक ३३० मिमी लांब आहे आणि त्याचा स्ट्रोक ५० मिमी आहे. म्हणजे दबलेली लांबी २८० मिमी झाली. नवा शॉक ३३५ मिमी लांब आणि ६० मिमी स्ट्रोकचा असेल, तर तो वरवर पाहता फक्त ५ मिमी मोठा वाटतो, पण पूर्ण दबल्यावर २७५ मिमी होतो, म्हणजे मूळ शॉकपेक्षा ५ मिमी आखूड. मोठा खड्डा लागल्यावर टायर मडगार्डला किंवा बॅटरीच्या खोक्याला घासणार असेल तर तो याच क्षणी घासेल. लांब शॉकमुळे अडचण होईल अशी शंका सर्वांना येते. लांब शॉक दबल्यावर आखूड ठरू शकतो, ही शंका सहसा कोणाला येत नाही.

शॉकवरचे ५ मिमी म्हणजे चाकाशी किती, हे गाडीच्या रचनेवर अवलंबून असते. शॉक १ मिमी दबला असता चाक जितके मिमी वर येते, त्याला तरफेचे गुणोत्तर म्हणता येईल. दोन शॉकच्या जुन्या घडणीच्या गाड्यांत शॉक चाकाच्या आसाजवळ आणि जवळपास उभे असल्यामुळे हे गुणोत्तर एकाहून थोडेसेच जास्त असते. मोनोशॉकमध्ये ते सामान्यतः दोन ते तीनच्या दरम्यान आढळते. होंडाचे प्रो-लिंक, कावासाकीचे युनि-ट्रॅक किंवा सुझुकीचे फुल फ्लोटर यांसारख्या लिंकेजच्या, म्हणजे शॉक मधल्या दुव्यांमार्फत जोडलेल्या, रचनांत ते चाकाच्या पूर्ण प्रवासात स्थिर राहत नाही. सहसा चाक जसजसे वर जाते तसतसे ते कमी होत जाते, आणि त्यामुळे मागची बाजू शेवटी शेवटी अधिक ताठ लागते.

हे गुणोत्तर मोजणे अवघड नाही. शॉक काढून ठेवावा, चाक त्याच्या सर्वांत खालच्या स्थितीपासून १० मिमीच्या टप्प्यांनी वर उचलावे, प्रत्येक टप्प्याला खाली लाकडाच्या पट्ट्या सरकवून ते स्थिर करावे आणि शॉकच्या दोन बोल्टांच्या भोकांमधले अंतर वहीत लिहावे. चाकाचा बदल भागिले शॉकचा बदल, हे गुणोत्तर. आपल्या उदाहरणात ते सरासरी २.५ आले असे धरू. मग मूळ शॉकच्या ५० मिमी स्ट्रोकमुळे चाकाला १२५ मिमी प्रवास मिळतो, आणि वरच्या नव्या शॉकमुळे टायर आधीपेक्षा सुमारे १२.५ मिमी अधिक वर चढतो.

लोखंडी पट्टीचा नकली शॉक

आता खरेदीच्या आधीची सर्वांत उपयोगी चाचणी. साधारण २५ मिमी रुंद आणि ६ मिमी जाड लोखंडी पट्टी घ्यावी. तिच्या एका टोकाला वरच्या बोल्टचे भोक पाडावे. त्या भोकापासून नव्या शॉकच्या पूर्ण लांबीवर दुसरे आणि त्याच्या दबलेल्या लांबीवर तिसरे भोक पाडावे. ही पट्टी शॉकच्या जागी बसवली, की नव्या शॉकने गाडी दोन्ही टोकांच्या स्थितींत कशी असेल ते डोळ्यांसमोर येते. जाड पुठ्ठ्याच्या, नव्या शॉकच्या स्प्रिंगच्या बाहेरील व्यासाएवढ्या दोन-तीन चकत्या कापून त्या पट्टीवर ओवल्या, तर स्प्रिंग फ्रेमला, एअर फिल्टरच्या पेटीला किंवा सायलेन्सरच्या नळीला कुठे टेकते तेही कळते. शॉकला बाजूला गॅसची डबी जोडलेली असेल तर तिच्या जागी तेवढाच लाकडी ठोकळा बांधून पाहावा. फिरत्या भागांमध्ये सगळीकडे किमान ५ मिमी मोकळी जागा असावी, कारण वळणावर आणि खड्ड्यात स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा) थोडा वाकतो आणि वेगात टायर किंचित फुगतो.

ही पट्टी फक्त पाहण्यासाठी आहे. गाडी फ्रेमवर टेकवलेली असावी, चाक हाताने उचलून बोल्ट घालावा, आणि पट्टीच्या आधारावर गाडी जमिनीवर उतरवू नये.

पट्टी दबलेल्या लांबीच्या भोकावर असताना टायर आणि मडगार्ड, टायर आणि वायरिंग, चेन आणि चेनगार्ड, लिंकेजचा खालचा भाग आणि जमीन ही अंतरे पाहावीत. पूर्ण लांबीच्या भोकावर असताना लक्ष चेनकडे द्यावे: स्विंगआर्म खाली झुकल्यामुळे चेन त्याच्या पुढच्या टोकावरील रबरी पट्टीवर दाबून बसत असेल, तर शॉक त्या गाडीसाठी फार लांब आहे. मागच्या ब्रेकची नळी आणि एबीएस सेन्सरची वायर या स्थितीत ताणली जाता कामा नये. लिंकेजचे दुवे एका सरळ रेषेत येऊ लागले, तर ते उलट्या दिशेला वळून अडकण्याची भीती असते. अशा शॉकचा विचार सोडून द्यावा.

लांबी बदलल्याचे परिणाम इथेच संपत नाहीत. शॉक १० मिमी लांब झाला की आपल्या उदाहरणातील गाडीची मागची बाजू २५ मिमी वर येते. दोन चाकांमधले अंतर १३५० मिमी असेल, तर संपूर्ण गाडी सुमारे एका अंशाने पुढे झुकते, पुढचा फोर्क तेवढाच अधिक उभा होतो आणि ट्रेल (हँडल ज्या अक्षावर फिरते त्याची रेषा जमिनीला मिळते तिथपासून पुढचा टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर) साधारण ६ मिमीने घटते. गाडी वळायला चपळ होते, पण वेगात सरळ रेषेत धावताना तिचा स्थिरपणा कमी होतो. कागदावर लहान दिसणारा हा फरक हँडलवर स्पष्ट जाणवतो. आखूड शॉकने याच्या उलट घडते: गाडी वळायला जड लागते आणि वळणावर पायदाणी किंवा स्टँड जमिनीला लवकर टेकतो. याशिवाय, मागची बाजू उंचावली की साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, मेन स्टँडवर मागचे चाक जमिनीवरून सुटत नाही आणि हेडलाइटचा झोत खाली येतो. माझ्या मते साध्या रस्त्यावरच्या गाडीसाठी मूळ लांबीपासून ५ मिमीपेक्षा जास्त फरक करण्याचे कारण क्वचितच असते.

स्प्रिंगचा हिशेब

‘तो शॉक जड गाडीचा आहे, म्हणजे आपल्या गाडीला कडक होईल’ हा तर्क नेहमी ऐकू येतो आणि अनेकदा चुकतो. कारण जड गाडीचे तरफेचे गुणोत्तर वेगळे असते. स्प्रिंगचा ताठरपणा चाकापाशी किती जाणवतो, हे काढण्यासाठी त्याला गुणोत्तराच्या वर्गाने भागावे लागते. एकदा बळासाठी आणि एकदा अंतरासाठी. आपल्या गाडीची स्प्रिंग १२० न्यूटन प्रति मिमी आणि गुणोत्तर २.५ असेल, तर चाकापाशी १९.२ न्यूटन प्रति मिमी मिळतात. ज्या गाडीचा शॉक आपण आणत आहोत तिची स्प्रिंग १४० ची आणि गुणोत्तर ३ असेल, तर तिच्या चाकापाशी केवळ १५.६ होते, म्हणजे ती गाडी मागून आपल्या गाडीपेक्षा मऊ होती. तीच स्प्रिंग आपल्या गाडीवर आली की २२.४ होते आणि मागची बाजू मूळपेक्षा सुमारे एक षष्ठांशाने ताठ होते. शॉक कोणत्या गाडीवर कसा लागत होता, याला आपल्या गाडीवर फारसा अर्थ उरत नाही. लिंकेज आपलेच ठेवणार असू तर मूळ स्प्रिंगचा आकडा हाच आपला मापदंड, आणि नव्या स्प्रिंगचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा.

पुष्कळदा हा आकडा स्प्रिंगवरच छापलेला असतो. एकके वेगवेगळी असतात: १ किलो प्रति मिमी म्हणजे ९.८१ न्यूटन प्रति मिमी, आणि तेच सुमारे ५६ पाउंड प्रति इंच. काहीच छापलेले नसेल तर मापांवरून आकडा काढता येतो. तारेच्या व्यासाचा चौथा घात घ्यावा, त्याला पोलादाच्या ७९,००० या आकड्याने गुणावे, आणि आलेल्या संख्येला स्प्रिंगच्या सरासरी व्यासाचा घन, काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या आणि ८ यांच्या गुणाकाराने भागावे. सर्व मापे मिलिमीटरमध्ये घ्यावीत. सरासरी व्यास म्हणजे बाहेरचा व्यास वजा तारेचा व्यास. आणि टोकांचे सपाट घासलेले वेढे काम करत नसल्याने एकूण वेढ्यांतून सुमारे दोन वजा करावेत. १२ मिमी तार, ७६ मिमी बाहेरचा व्यास आणि साडेआठ वेढे असलेल्या स्प्रिंगचे उत्तर या रीतीने जवळजवळ बरोबर १२० येते. तारेचे माप मात्र व्हर्निअर कॅलिपरने, रंगाचा थर वगळून घ्यावे. चौथ्या घातामुळे रंगाचे ०.२ मिमी इथे उत्तरात सात टक्क्यांची भर घालतात. वेढे एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ असतील, तर ती स्प्रिंग दबत जाताना ताठ होत जाणारी असते आणि हे सूत्र तिला लागू पडत नाही.

प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी, नट आवळल्याने स्प्रिंग कडक होते, हा समजही सोडून द्यावा. प्रीलोडमुळे गाडी उंच किंवा खाली बसते. स्प्रिंगचा ताठरपणा तोच राहतो.

डॅम्पिंगबद्दल थोडक्यात. शॉकमधील तेलाचा विरोध त्याच्या मूळ स्प्रिंगसाठी ठरवलेला असतो. नव्या शॉकवर पुष्कळ जास्त ताठ स्प्रिंग चढवली तर रिबाउंड, म्हणजे शॉक पुन्हा उघडतानाचा विरोध, अपुरा पडतो आणि खड्ड्यानंतर गाडी उसळत राहते. फार मऊ स्प्रिंग असेल तर लागोपाठच्या खड्ड्यांत शॉक पुन्हा उघडायला वेळ मिळत नाही आणि गाडी खाली खाली बसत जाते. म्हणून रिबाउंडची जुळवणी असलेला शॉक निवडणे शहाणपणाचे. शॉक उलटा बसवावा लागणार असेल तर आतील रचना माहीत हवी: दुहेरी नळीचे आणि तेल व वायू एकत्र असलेले शॉक ठरलेल्या दिशेनेच चालतात, तर ज्यांत वेगळ्या पिस्टनने किंवा रबरी पिशवीने वायू तेलापासून अलग ठेवलेला असतो ते कोणत्याही दिशेने बसवता येतात. अशा शॉकमध्ये नायट्रोजन मोठ्या दाबाखाली भरलेला असतो. त्याला वेल्डिंग करू नये, तापवू नये, भोक पाडू नये, आणि त्याचा व्हॉल्व्ह गंमत म्हणूनही दाबू नये.

बुश आणि बोल्ट

बोल्ट नेहमी आपल्या गाडीच्या फ्रेमला जुळणारा ठेवावा आणि शॉकचा बुश त्याप्रमाणे करून घ्यावा. शॉकच्या डोळ्याचे, म्हणजे टोकावरच्या कड्याचे, भोक १२ मिमी आणि आपला बोल्ट १० मिमी असेल, तर बाहेरून १२ व आतून १० मिमी अशी, बुशच्या पूर्ण लांबीची पोलादी स्लीव्ह लेथवर बनवून घ्यावी. उलट परिस्थिती असेल तर शॉकचा बुश बदलावा; फ्रेमचे किंवा शॉकच्या डोळ्याचे भोक मोठे करू नये, कारण भोवतीचा धातू पातळ झाला की तिथूनच चीर जाते. फ्रेमच्या दोन कानांमधील अंतर ३० मिमी आणि शॉकचा बुश २४ मिमी रुंद असेल, तर दोन्ही बाजूंना ३ मिमीचा एकेक अखंड स्पेसर घालावा. वॉशरांची चळत वापरण्याचा मोह होतो. पण ती चळत हलते, झिजते, आणि मग बोल्ट ढिला पडतो. बोल्ट आवळल्यावर दाब बुशच्या आतल्या पोलादी नळीवर यायला हवा, शॉकच्या डोळ्यावर नव्हे. तेव्हा ती नळी डोळ्यापेक्षा दोन्ही बाजूंना किंचित बाहेर आलेली असली पाहिजे. शॉकच्या एका टोकाला डोळा असेल आणि आपल्या लिंकेजला तिथे काटा अपेक्षित असेल, तर घरगुती जोड तयार करण्यापेक्षा दुसरा शॉक शोधणे बरे.

प्रत्यक्ष बसवताना

मागच्या स्विंगआर्मखाली लावायचा पॅडॉक स्टँड या कामात चालत नाही, कारण शॉक काढताच स्विंगआर्म मोकळा होतो आणि गाडी खाली बसते. गाडी फ्रेमवरच उचलावी. इंजिनखाली जॅक आणि लाकडी फळी ठेवून, किंवा मेन स्टँड फ्रेमला जोडलेला असेल तर त्यावर. पुढचे चाक अडकवून ठेवावे. चाकाखाली लाकडी पट्ट्या ठेवून स्विंगआर्मचा भार उचलला की बोल्ट हाताने निघतो. हातोड्याने ठोकावा लागत असेल तर पट्ट्यांची उंची चुकली आहे. लिंकेज उघडलेच आहे, तर त्याचे नीडल बेअरिंग पुसून त्यात नवे ग्रीस भरावे.

नवा शॉक घालताना आधी वरचा बोल्ट सैल बसवावा आणि मग खालचा. बुश रबराचा असेल तर दोन्ही बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, तिच्या वजनाने दबलेल्या स्थितीत शेवटचे आवळावेत. अधांतरी असतानाच आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. टॉर्क आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलाच ठेवावा, कारण बोल्ट आणि फ्रेम तिचीच आहे. नायलॉनच्या लॉकनट नव्या घ्याव्यात. दोन शॉकच्या गाडीत नेहमी जोडीच बदलावी. एक जुना आणि एक नवा शॉक स्विंगआर्मला पिळतो.

यानंतर सॅग, म्हणजे वजनाने मागची बाजू किती खाली बसते ते, मोजावा. चाक अधांतरी असताना आसापासून शेपटाच्या एका खुणेपर्यंतचे उभे अंतर घ्यावे, मग गाडी नुसती उभी असताना, आणि मग चालक नेहमीच्या पोशाखात बसलेला असताना. यासाठी आणखी एका माणसाची मदत लागते. रस्त्यावरच्या गाडीत चालकासह सॅग चाकाच्या एकूण प्रवासाच्या २५ ते ३३ टक्के असावा, म्हणजे आपल्या १२५ मिमीच्या गाडीत साधारण ३१ ते ४१ मिमी. तो प्रीलोडने जुळवावा, आणि मग चालकाशिवायचा सॅग पाहावा. तो साधारण ५ ते १५ मिमी असावा. हा दुसरा आकडाच स्प्रिंगबद्दल खरे सांगतो. चालकासह सॅग बरोबर आणि चालकाशिवाय शून्य असेल, तर स्प्रिंग मऊ आहे आणि ती फार आवळून ठेवावी लागली आहे. चालकाशिवायचा सॅग पुष्कळ जास्त असेल तर स्प्रिंग ताठ आहे. हे उलटे वाटते, पण ताठ स्प्रिंगवर चालकाच्या वजनाने गाडी फारशी खाली जात नाही. मग एकूण सॅग पुरा होण्यासाठी गाडीला आधीच खाली बसवावे लागते. आपल्या उदाहरणात चालकाचा मागच्या चाकावर येणारा भार ४५ किलो धरला, तर १२० च्या स्प्रिंगवर गाडी २३ मिमी आणि १४० च्या स्प्रिंगवर जवळपास २० मिमी बसते. फरक तीन मिमीचाच असल्याने प्रत्येक माप गाडी एकदा वर उचलून सोडून आणि एकदा खाली दाबून सोडून घ्यावे आणि सरासरी धरावी.

मग चेनचा ताण नव्याने ठरवावा. पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, स्विंगआर्मचा पिव्होट आणि मागचा आस एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताणलेली असते; त्या स्थितीतही थोडी ढिलाई उरली पाहिजे. हेडलाइटचा झोत पुन्हा लावावा. गाडीतील असे बदल नोंदवण्याचे किंवा विमा कंपनीला कळवण्याचे नियम आपल्या देशात काय आहेत, तेही आधीच पाहून घ्यावे.

पहिल्या फेरीपूर्वी शॉकच्या दांड्यावर एक बारीक झिप टाय हलकेच बांधून ती सीलपर्यंत सरकवावी, आणि रिबाउंड पूर्ण बंद करून किती क्लिक उघडला ते लिहून ठेवावे. ओळखीच्या रस्त्यावर, त्यातील नेहमीच्या खड्ड्यांसह, सावकाश फेरी मारून परत आल्यावर झिप टाय जिथे थांबली असेल तिथपर्यंत शॉक दबला होता. ती रबराच्या अलीकडे काही मिमीवर असेल तर ठीक. साध्या रस्त्यावरच रबराला भिडली असेल तर स्प्रिंग मऊ आहे किंवा कम्प्रेशन (शॉक दबतानाचा विरोध) कमी आहे, आणि निम्म्यावरच थांबली असेल तर याच्या उलट. त्याच वेळी मडगार्डच्या आतील बाजूवर आणि स्प्रिंगच्या रंगावर घासल्याच्या ताज्या, चकाकत्या खुणा शोधाव्यात, झिप टाय कापून टाकावी आणि दोन्ही बोल्टांचा टॉर्क पुन्हा एकदा तपासावा.